गेलं किती, आलं किती

आषाढातली पहाट. आईने देवघरात समई लावली, बाथरूमच्या गिझरचं बटण दाबलं आणि जिन्याखालच्या डीबीतून, म्हणजे घरभरच्या खटक्यांच्या पेटीतून, ‘खट्’ असा कोरडा आवाज आला. दिवे गेले, पंखा मंदावला, फ्रिजची घरघर थांबली. बाहेर पागोळ्यांचा आवाज तेवढा उरला. मोबाइलच्या उजेडात मी डीबीचं झाकण उघडलं. सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे छोटे खटके, जागच्या जागी वर होते. पडला होता तो त्यांच्या शेजारचा रुंद खटका, ‘टी’ अक्षराचं छोटं बटण असलेला. आरसीसीबी, विजेची गळती ओळखून वीज तोडणारा. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात वायरमनपासून दुकानदारापर्यंत सगळे त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. ते जुनं यंत्र वेगळं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. खटका वर केला, घर उजळलं. पाणी पुरतं तापलंही नव्हतं, तेवढ्यात पुन्हा खट्.

पुढचे अकरा दिवस हेच चाललं होतं. कधी गिझर लावल्यावर, कधी इस्त्रीला, कधी आई मिक्सरमध्ये चटणी वाटत असताना. एकदा तर दुपारी अडीच वाजता, घरात कोणी काहीच लावलेलं नसताना. त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर होतो. संध्याकाळी परत आलो तेव्हा फ्रिजमधलं दूध नासलेलं होतं.

जवळच्या एका वायरमनला बोलावलं. त्याने गिझरचा एमसीबी पाडून ठेवला आणि म्हणाला, “आज दिवसभर बघा.” दिवसभर काही झालं नाही. गुन्हेगार सापडला असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. गिझरवर संशय घ्यायला जागाही होती. गिझरच्या कॉइलमध्ये तापणारी तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण तिला ओल ओढून घ्यायची सवय आहे. होळीनंतर बंद केलेला गिझर पावसाळ्यात पहिल्यांदा लावला की काही वेळा त्या ओलीतून थोडी वीज धातूच्या नळीत, तिथून अर्थिंगच्या, म्हणजे जमिनीकडे नेणाऱ्या, तारेत झिरपते आणि खटका पडतो. पाण्यातल्या क्षारांनी नळीला बारीक भोक पडलं असेल तर मग विचारायलाच नको. आम्ही कॉइल बदलून घेतली. दोन दिवस उघडीप होती, सगळं ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी पाऊस धरला आणि पुन्हा खट्.

तो वायरमन परत आला. डीबीसमोर उभा राहून म्हणाला, “साहेब, पावसाळ्यात हे असंच चालायचं. ईएलसीबी लय नाजूक असतं, उगाच पडतं. डायरेक्ट करून देऊ का? दहा मिनिटांचं काम आहे.”

‘डायरेक्ट’ म्हणजे तो खटका वगळून तारा थेट जोडणं. मी हो म्हणणार होतो. अकरा दिवसांच्या अंधाराने माणूस इतका कंटाळतो की ‘डायरेक्ट’ हा शब्द त्याला सुटकेसारखा वाटतो. आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, “तुझ्या आत्याला विचारलंस का?”

आत्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण सहसा कोणी ती काढत नाही. आमचं मूळ घर जुन्या तांबट लेनमधल्या एका वाड्यात होतं. वायरिंग लाकडी पट्ट्यांमधून गेलेलं, तारांवरचं कापडी वेष्टण विटलेलं, अर्थिंगचा पत्ता नाही. परसातल्या पन्हाळीच्या पत्र्याला घासून एका तारेचं तांबं उघडं पडलं होतं आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार त्याच पत्र्याला बांधलेली होती. आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तिने पिळलेलं लुगडं टाकायला तार धरली आणि तिचा हात सुटेना. ओरडताही येईना. आजीने हातातल्या धोपाटण्याने तिच्या मनगटावर जोरात मारलं आणि तिला सोडवलं. आत्या वाचली. तिच्या तळहातावर अजून एक आडवी, पांढरट रेघ आहे.

आपल्याकडे ‘करंट लागला’ म्हणतात तसंच ‘करंटने धरलं’ असंही म्हणतात. हा दुसरा शब्दप्रयोग शास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक आहे, हे मला फार उशिरा कळलं. हातातून वीज गेली की स्नायू आखडतात, मूठ आवळली जाते आणि मेंदूने कितीही सांगितलं तरी ती उघडत नाही. अमेरिकेतल्या बर्कली इथे कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डाल्झील नावाचे प्राध्यापक होते. किती विजेपर्यंत माणूस आपल्या ताकदीने हात सोडवू शकतो, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजून पाहिलं. पुरुषांची सरासरी निघाली सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची त्याहून कमी, साडेदहाच्या आसपास. चाळीस वॉटच्या साध्या बल्बमधून सुमारे १७४ मिलिअँपिअर जातात. म्हणजे आत्याला धरून ठेवायला त्या बल्बमधल्या विजेचा दहावा-पंधरावा हिस्सासुद्धा पुरेसा होता. याच डाल्झील यांनी १९६१ मध्ये अशी गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र तयार केलं. तिकडे घराघरांत त्याची जी जात बसवतात ती ५ मिलिअँपिअरच्या आसपासच पडते. आपल्याकडे घरात बसतं ते ३० मिलिअँपिअरचं.

मी वायरमनला चहा दिला, झालेल्या कामाचे पैसे दिले आणि मामाला फोन केला.

मामा अंबडच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं स्विचगिअरच्या, म्हणजे अशाच खटक्यांच्या, टेस्टिंगच्या टेबलावर होता. निवृत्त होऊनही त्याच्या पिशवीत तारेभोवती धरून वीज मोजायचा क्लॅम्प मीटर असतो आणि चामड्याच्या पेटीतला, तारेचं वेष्टण धड आहे का हे सांगणारा, हाताने फिरवायचा मेगर असतो. रविवारी सकाळी आला, पाय धुतले, आईला म्हणाला, “ताई, चहा नंतर. आधी मला सांग, हा नक्की केव्हा केव्हा पडतो?” आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलेल्या वेळा त्याला दाखवल्या. दुपारी अडीचच्या नोंदीवर त्याने बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथेच राहू दिलं.

“तू पेपरात वाचतोस ना,” तो मला म्हणाला, “गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले, होळकर पुलाखालून इतके चालले? दोन आकडे जुळले नाहीत की आपण काय समजतो? मधे कुठला तरी ओढा-नाला आहे. हा खटका तेवढंच करतो. फेजमधून गेलं किती, न्यूट्रलमधून परत आलं किती, एवढंच बघतो. गिझर लावलाय की मिक्सर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.”

त्या खटक्याच्या पोटात एक कडं असतं आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा त्याच्यातून जातात. एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोन्ही सारख्या असल्या की त्यांच्याभोवतीची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. थोडी जरी वीज वाट सोडून गेली, भिंतीच्या ओलीत, अर्थिंगच्या तारेत किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत, की शिल्लक उरते. कड्याभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेला ती शिल्लक जाणवते आणि खटका सुटतो. नियम असा की ३० मिलिअँपिअरच्या खटक्याने १५ पर्यंत पडायचं नाही आणि ३० ला पडलंच पाहिजे. मधे तो कुठेही पडू शकतो. ३० ला त्याला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद मिळतात, दीडशेला फक्त ४०. झटका बसतच नाही असं मात्र नाही. बसतो. पण आजीला धोपाटणं उचलायला जेवढा वेळ लागला असेल, त्याच्या कितीतरी आधी तो हात सोडवतो. काळजाची लय बिघडायची की नाही, हे किती वीज गेली याच्याइतकंच ती किती वेळ गेली यावरही ठरतं. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलं तर मात्र तो काही करू शकत नाही. गेलेलं सगळं परत येत असतं, त्याचा हिशेब जुळलेला असतो.

“त्या वायरमनने एमसीबी पाडून पाहिलं,” मी म्हणालो. “गिझर बंद असला की पडत नव्हता.”

“इथेच सगळे फसतात.” मामाने एका एमसीबीवर बोट टेकवलं. “हा पाडला म्हणजे लाइन बंद झाली असं तुला वाटतं. बंद झाली ती फेज. न्यूट्रल तसंच जोडलेलं आहे. घरातली सगळी न्यूट्रल त्या पितळी पट्टीवर एकत्र येतात. त्यातलं एखादं कुठे अर्थिंगला टेकलं असेल तर सगळे एमसीबी पाडूनही ते टेकलेलंच राहील. आणि खटका पडेल तेव्हा नाव मात्र भलत्याचंच येईल.”

मग त्याने पेपरच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. तो कागद मी जपून ठेवलाय. न्यूट्रलवर शून्य व्होल्ट असतात असं आपण शाळेत शिकतो, पण खांबापासून घरापर्यंतच्या तारेला स्वतःचा थोडासा अडथळा असतो. समजा ०.२ ओहम. दोन हजार वॉटचा गिझर लावला की पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज जाते, म्हणजे घरातलं न्यूट्रल जमिनीपेक्षा पावणेदोन व्होल्टने वर उचललं जातं. हात लावला तर कळणारही नाही इतकं. पण ते न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकलेलं असलं, तर तेवढ्यावरही काही वीज न्यूट्रलची तार सोडून मातीतून परत जाते. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्या वाटेचा अडथळा १२० ओहम धरला तर १४ मिलिअँपिअर. खटका गप्प. पावसाने जमीन मुरली, अडथळा २० वर आला, की तेच १४ जाऊन ८७ होतात. खट्. ट्यूबलाइट लावल्यावर काही होत नाही, कारण ती न्यूट्रलला इतकं उचलतच नाही. गिझर, इस्त्री आणि मिक्सर उचलतात.

“आणि दुपारी अडीचला?”

“त्या खांबावरून शेजाऱ्यांचंही न्यूट्रल जातं. कोणी पंप लावला असेल. भार त्यांचा, पडला आपला.”

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. आम्ही एका निर्दोष गिझरची कॉइल बदलली होती. दोष उन्हाळाभर, कदाचित त्याही आधीपासून, घरात होताच. पावसाने तो फक्त ऐकू येईल इतका मोठा केला. ‘पावसाळ्यात असंच चालायचं’ हे वायरमनचं वाक्य चूक नव्हतं. का चालतं, हे विचारायच्या आधीच तो थांबला होता.

शोध घ्यायला दोन तास लागले. मामाने मेन पाडला, मीटरजवळचा कटआउट (फ्यूज) काढला, टेस्टर लावून खात्री केली. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांच्या पिना काढल्या. मेगर ५०० व्होल्ट सोडतो, नाजूक सर्किटं त्याने जळू शकतात. मग पट्टीवरचे स्क्रू ढिले करून एकेक न्यूट्रल बाहेर घेतलं आणि त्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून आकडा लिहिला. अकरा निघाली. मी एक टोक अर्थिंगला धरलं, त्याने दुसरं न्यूट्रलला लावून मेगरचं हँडल फिरवलं. पहिलं, काटा अनंताकडे. दुसरंही. चौथं जरा खाली, वीसेक मेगाओहम. “चालेल. एकाच्या खाली गेलं तर काळजी.” सातव्याला काटा शून्यावर जाऊन चिकटला. मामाने पुन्हा फिरवलं. पुन्हा शून्य.

सातवं कुठे जातं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. २००३ साली घर बांधताना कोणी नकाशा काढून ठेवला नव्हता. (तुमच्याकडे नसेल तर घरातल्या बोर्डांचा तेवढा एक कागद आजच करून डीबीच्या झाकणाला आतून चिकटवा. नंतर होत नाही.) खोल्या तपासल्या, गच्ची तपासली. शेवटी आईलाच आठवलं, “फाटकापाशी दिवा होता ना रे तुझ्या बाबांनी लावलेला?”

फाटकाशेजारी, मधुमालतीच्या वेलाखाली लोखंडी पाइपावर एक दिवा होता. समोर रस्त्यावरचा दिवा आल्यापासून चार वर्षांत तो कोणी लावलाच नव्हता. त्याचं बटण बंद होतं, पण बटण तोडतं तेही फेजच. पाइपाच्या तळाचं झाकण उघडलं तर आत मुंग्यांनी आणलेली ओली माती. ती काढल्यावर दिसलं, पाइपाच्या धारेवर काळ्या तारेचं वेष्टण कापलं गेलं होतं आणि हिरवट पडलेलं तांबं पाइपाला टेकलं होतं. अर्थिंगची तारही त्याच पाइपाला आवळलेली.

मामा पाइपावर हात ठेवून उभा राहिला. “आत्ता याला हात लावला तर काही होत नाही. पण वादळात खांबावरून येणारं न्यूट्रल तुटलं असतं तर? मग घरात जे काही चालू असेल त्याच्यातून फेज घरातल्या न्यूट्रलवर आली असती आणि तिथून इथे. या पाइपात. या फाटकात. आणि तो खटका डायरेक्ट केलेला असता.”

माझी मुलगी रोज शाळेच्या रिक्षाची वाट बघत त्याच पाइपाला टेकून उभी राहते. मी काही बोललो नाही. घरात गेलो आणि चहा टाकला.

तार बदलली. त्यानंतर खटका पडलेला नाही. पण मामाचं समाधान झालं नव्हतं. त्याने सगळी यंत्रं पुन्हा लावायला सांगितली आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही मिळून क्लॅम्प मीटरच्या जबड्यात धरल्या. आठ मिलिअँपिअर. दोष एकही नसताना. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, टीव्ही यांच्या पोटात विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते ठरवूनच थोडीशी वीज अर्थिंगकडे सोडतात. बहुतेकांचं मिलिअँपिअरभर किंवा त्याहून कमी, पण पंधरा वर्षांपूर्वी घरात अशी दोन यंत्रं होती, आता डझनभर आहेत. खटका १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. म्हणजे आमची निम्मी मर्यादा काही न बिघडताच वापरली गेली होती. म्हणून आता दोन आरसीसीबी बसवलेत. एकावर बाथरूम आणि अंगण, दुसऱ्यावर बाकीचं घर. वॉशिंग मशीनच्या बाजूला ‘ए’ जातीचा, कारण जुन्या ‘एसी’ जातीला इलेक्ट्रॉनिक्समधून येणारी तुटक-तुटक गळती नीट ओळखता येत नाही. दोन बसवताना प्रत्येकाचं न्यूट्रल आपापल्या पट्टीवरच परत आलं पाहिजे. इन्व्हर्टर जोडताना हे हमखास मिसळतात आणि मग दोन्ही खटके विनाकारण पडत राहतात.

खरोखर ‘उगाच’ पडणंही असतं, हे मान्य करायला हवं. मृगाच्या तोंडावर वीज कडाडते, लाइनीवर एक उसळी येते, ती त्याच कपॅसिटरमधून जमिनीत जाते आणि सगळं ठीक असताना खटका पडतो. वर केला की राहतो. पण ते वर्षातून एक-दोनदा. अकरा दिवस रोज पडणारा खटका उगाच पडत नसतो. आम्हाला हा शब्द फार लवकर सुचला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मामाने आईला टेस्टचं बटण दाखवलं. ते दाबलं की खटका स्वतःलाच थोडी गळती करून बघतो. पडला तर यंत्र जिवंत आहे. अर्थिंग चांगलं आहे असा त्याचा अर्थ नाही, ते वेगळं तपासायचं. आई आता दर एक तारखेला बटण दाबते आणि कॅलेंडरवर गॅसच्या नोंदीखाली ‘टी’ लिहिते.

काल संध्याकाळी मी डावीकडच्या घरी गेलो. तिथे एक आजी आणि त्यांचे नातू असतात. आमच्या अकरा दिवसांबद्दल त्यांनी ऐकलं होतं. आजी म्हणाल्या, “आमचंही तसंच व्हायचं दोन वर्षांपूर्वी. पण एकाने नीट करून दिलं, तेव्हापासून एकदा म्हणून पडला नाही.” मी डीबी बघू का, असं विचारलं. झाकण उघडलं. आरसीसीबी जागेवर होता, खटका वर होता. त्याच्यामागून दोन जाड तारा काळ्या टेपने एकमेकींना जोडून थेट पुढे गेल्या होत्या. मी ‘टी’ दाबलं. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं. डोक्यावरचा पंखा फिरत राहिला.

नातू बाहेर ओल्या अंगणात अनवाणी खेळत होते. मी आजींच्या समोर बसलो आणि त्यांना तांबट लेनमधली गोष्ट सांगितली, धोपाटण्यासकट. मग तिथूनच मामाला फोन लावला. रविवारी येतो म्हणाला.